फडक्यात राहिलेलं

यंत्राचं कागदोपत्री नाव मूळमापी. आमच्या गावानं दोन दिवसांत त्याला गाळणी म्हणायला सुरुवात केली. यात नवल काही नाही. आम्ही जैन, गाळल्याशिवाय पाणी घशाखाली न उतरवणारे. माझी आई, म्हणजे आमची अव्वा, रोज सकाळी विहिरीवर दुहेरी फडक्यानं पाणी गाळायची. हंडा भरला की फडकं हलक्या हातानं उलटं करायची, त्यावर गाळलेलं पाणी ओतायची आणि फडक्यात अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव बादलीतून पुन्हा त्याच विहिरीत सोडून यायची. फडकं झटकायचं नाही, पिळायचं नाही. त्यात जीव आहे. लहानपणी मला हा सगळा वेळेचा अपव्यय वाटायचा.

मी धनपाल बिरनाळे. वय बहात्तर. चाळीस वर्षं सांगलीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. मुद्रितशोधक म्हणजे काय हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो: छापण्याआधी मजकूर वाचून त्यातल्या चुका लाल शाईनं दाखवणारा माणूस. सवय अशी जडली की अजूनही लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका शोधतो आणि मग नवरा-नवरीची नावं वाचतो. बायको होती तोवर म्हणायची, "तुम्हाला देव भेटला तर त्याचंही प्रूफ तपासाल." तपासलं असतं. देवाचं म्हणून सोडायचं, असं थोडंच आहे.

पंचगंगेच्या काठावरचं आमचं गाव, इचलकरंजीपासून सायकलनं अर्ध्या तासावर. गावात एक जुनी बस्ती आहे, म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथं एक ताडपत्रांची पोथी आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या कुणा मुनींनी जुन्या कानडीत लिहिलेली, एक्केचाळीस कडव्यांची. मुनींनी स्वतःचं नावही त्यात घातलेलं नाही. क्षमेवर आहे ती. गावात तिला नुसतं 'पाठ' म्हणतात. माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, आजोळ कानडी मुलखातलं. ते शाळामास्तर होते आणि जुनी कानडी त्यांना वाचता यायची. एकोणीसशे नव्वद साली त्यांनी पाठ मराठीत आणला. तेव्हापासून भाद्रपदातलं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी, क्षमावणीला, सगळं गाव बस्तीत बसून तो म्हणतं आणि मग घरोघर जाऊन हात जोडतं: वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. बांधावरून वर्षभर एकमेकांची डोकी फोडायला निघालेलेही त्या दिवशी एकमेकांच्या पडवीत चहा पिताना दिसतात.

पाठाची शेवटची ओळ गावात लेकरांनाही पाठ आहे. गाव सोडून चार देशांत गेलेलेही ती त्या दिवशी फोनवरून एकमेकांना म्हणून दाखवतात:

'आणि जो माझ्या दाराशी येऊन न मागताच परत फिरला, त्याला माझी क्षमा वाटेतच भेटो.'

गाळणीनं हीच ओळ पकडली.

*

बेळगावहून तेजस्विनी मगदूम नावाची मुलगी यंत्र घेऊन आली होती. मुलगी म्हणतोय, पण पस्तिशीची असेल, आणि विद्यापीठात शिकवते. यंत्र म्हणजे पानाच्या डब्याएवढी एक पेटी. बस्तीच्या मंडपात तिनं ते विश्वस्तांपुढे ठेवलं आणि शाळेत सांगतात तसं सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली की या यंत्राकडे अर्थाचा एक नकाशा आहे. माणसांनी आजवर लिहिलेलं बहुतेक सगळं वाचून त्यानं तो तयार केला आहे. आपल्या नकाशाला दोन दिशा असतात, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. याला काही हजार दिशा आहेत. कोणत्याही भाषेतलं कोणतंही वाक्य या नकाशावर एका ठिकाणी पडतं. मूळ वाक्य एका ठिकाणी, भाषांतर त्याच्या थोडं बाजूला. हे दोन ठिकाणांमधलं अंतर यंत्र मोजतं.

"पण अंतर तर पडणारच की," मी म्हणालो. "कानडीत 'मी आलो' म्हणताना बोलणारा बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत ते सांगावंच लागतं."

"बरोबर, काका. तीच तर गंमत आहे. ती भाषेची सक्ती. तिचा दोष भाषांतरकाराला द्यायचा नाही. म्हणून यंत्र एकाच मजकुराची हजार काल्पनिक माणसांकडून भाषांतरं करून घेतं. हजारांतल्या हजारांना जे करावंच लागलं, ती सक्ती. एकानंच केलं आणि बाकी कुणीच केलं नाही, ते त्या एकट्याचं. त्याला आम्ही शेष म्हणतो. मूळ काळ्या अक्षरात दिसतं, सक्ती निळ्या आणि शेष लाल."

या शेषानं गेल्या पाच-सात वर्षांत काय धुमाकूळ घातला होता ते सगळ्यांनाच माहीत होतं. कुणीही पुस्तक फोनसमोर धरावं आणि पान रंगीत व्हावं. पाठासमोर मात्र फोन धरायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मोठमोठ्या भाषांतरकारांची पानं लालभडक निघाली. एका गावात पुतळ्याचं अनावरण रद्द झालं. प्रकाशकांनी जुनी भाषांतरं कपाटात घालून 'निखळ, शून्य शेष' असा शिक्का मारलेली यंत्राची भाषांतरं काढली. तीन वर्षांपूर्वी आमच्या बस्तीतही क्षमावणीला यंत्राचा निखळ पाठ वाचला गेला होता. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता, फक्त शेवटची ओळ त्यात नव्हती; यंत्राकडून राहून गेली असेल असं आम्ही धरलं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही आणि आम्ही वीस मिनिटं लवकर सुटलो. पुढच्या वर्षी कुणी काही न बोलता परत अण्णांचं पुस्तक काढलं.

पण त्या पुस्तकाच्या प्रती आता फाटल्या होत्या, नवी आवृत्ती काढायची होती, आणि काढायचीच तर आधी गाळून घ्यावी असं विश्वस्तांचं ठरलं. तेजस्विनीनं पानं एकेक करून पडद्यावर दाखवली. अण्णांची कडवी काळी होती, मध्ये निळे ठिपके, कुठं एखादा लाल शब्द. माझी मान ताठ झाली. मग शेवटचं पान आलं. शेवटची ओळ पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत लाल होती.

विश्वस्तांचे अध्यक्ष रायगोंडा पाटील माझ्याच वयाचे, माझ्याच वर्गातले, अंगानं आडवे आणि बोलायला सरळ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हंजे ह्ये मुनींचं न्हाईच?"

"पोथीत नाही. मी ताडपत्राचे फोटो स्वतः तपासले," तेजस्विनी म्हणाली.

"मग कुणाचं?"

यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सभा उठल्यावर रायगोंडा बाहेर पायरीवर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "धनपाल, तुला ठाऊक हाय, माझा थोरला भाऊ गेला तवा आमचं बोलणं न्हवतं. सोळा वर्षं ही ओळ म्हणून मी त्याच्यासाठी हात जोडतोय. मुनी म्हणाले म्हणून जोडतोय. आता म्हणायचं काय, तर मास्तरानं आपल्या मनानं घातलंय. मुनींच्या तोंडी आपलं घालायचं म्हंजे काय रं ह्ये? कवितेच्या पुस्तकात एक येळ चालंल. हितं न्हाई चालत."

त्यांचं बरोबर होतं. अण्णांचा वारस म्हणून नव्या आवृत्तीवर माझी सही लागणार होती. पर्वाला तीन आठवडे राहिले होते. ओळ काढून पुस्तक छापायचं आणि सुरुवातीला एक टीप द्यायची की आधीच्या आवृत्तीत भाषांतरकारानं पदरचा मजकूर घातला होता, असं विश्वस्तांचं ठरलं.

मी सही करणार होतो. हे आधीच सांगून टाकतो. मला अण्णांचा राग आला होता. ज्या माणसानं मला शिकवलं की दुसऱ्याच्या लिहिण्यात आपलं बोट घालायचं नाही, त्यानंच आठशे वर्षांपूर्वीच्या मुनीच्या पोथीत स्वतःची ओळ सरकवली होती. आणि त्या हस्तलिखिताची पक्की प्रत माझ्याकडून काढून घेतली होती. एकोणीस वर्षांचा मी, दिवाळीच्या सुट्टीत सांगलीच्या वसतिगृहातून घरी येऊन आठ दिवस मान मोडून ती लिहीत होतो. ही ओळ आली तेव्हा मी थांबून ती दोनदा वाचली होती. वाटलं होतं, काय माणूस असेल हा मुनी.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्विनी घरी आली. चहा घेतला नाही, सरळ मुद्द्यावर आली.

"काका, एक अडचण आहे. शेषालाही वळण असतं, आपल्या अक्षराला असतं ना, तसं. प्रत्येक माणूस मुळापासून बाजूला सरकतो तो स्वतःच्याच पद्धतीनं. तुमच्या अण्णांचं वळण मला एव्हाना पाठ झालंय. ते नेहमी आवरतं घेतात. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा घालत नाहीत. ही शेवटची ओळ त्यांची नाही."

"यंत्र चुकलं असेल."

"असेल. पण ते म्हणतंय की ही ओळ कुणा दुसऱ्याच माणसाची आहे. अण्णांबरोबर आणखी कुणी काम करायचं का?"

"छे. कोण करणार? दुपारी शाळेतून आले की उंबऱ्यावर बसायचे आणि अव्वाला वाचून दाखवायचे, एवढंच."

"अव्वांना जुनी कानडी यायची?"

मला हसू आलं. अव्वाला तेव्हा मराठी अक्षरंही धड येत नव्हती. ती कांड्या भरायची. आमच्या गल्लीत चार हातमाग होते. त्यांच्यासाठी लागणारं सूत रहाटावर फिरवून लहान लहान कांड्यांवर गुंडाळायचं, हे घरातल्या बायकांचं काम. दिवसभर घरात त्या रहाटाची घरघर चालायची. आज साठ वर्षांनीही पंखा जुना झाला आणि घरघरायला लागला की मला झोप चांगली लागते. अण्णांची कामाची पद्धत अशी, की सकाळी केलेलं भाषांतर दुपारी अव्वापुढं मोठ्यानं वाचायचं. मान वर करायची नाही, कान रहाटाकडे ठेवायचा. रहाट चालू राहिला तर ओळ ठीक. रहाट थांबला तर त्या जागी पेन्सिलीनं लहानसा गोल करायचा. थांबली म्हणजे एक तर तिला कळलं नाही, नाहीतर फार कळलं. दोन्हीकडे परत बघायला हवं, असं अण्णा म्हणायचे. सबंध पाठ या रहाटावरून गेला होता.

हे मी तेजस्विनीला सांगितलं. ती म्हणाली, "हे कुठं लिहून ठेवलंय का त्यांनी?"

लिहून नव्हतं. पण कॅसेट होत्या. लय बसते का ते ऐकायला अण्णांनी शाळेचा टेपरेकॉर्डर आणून वाचन भरून ठेवलं होतं. चौदा कॅसेट, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. अण्णा गेल्यापासून मी त्या उघडल्या नव्हत्या. वाजवायला घरात काही उरलंच नव्हतं. तेजस्विनीनं दोन दिवसांत कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडून टेपरेकॉर्डर मिळवला आणि दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या सोप्यात बसून आम्ही शेवटची, चौदावी कॅसेट लावली.

आधी रहाट ऐकू आला. फिती जुन्या झाल्या होत्या, आवाजाला खरखर होती, तरी तो रहाटच होता. मला उठून आत जावंसं वाटलं, अव्वा आतच असेल म्हणून. मग अण्णांचा वाचायचा आवाज आला, एकसारखा, शाळेतला.

'...जाणता-अजाणता माझ्याकडून जे दुखावले, त्यांची मी क्षमा मागतो. ज्यांनी मला दुखावले, त्यांनी मागताच त्यांना क्षमा देतो.' "झालं. संपला पाठ."

रहाट थांबला.

"का गं?"

"मागताच देतो म्हणतोय व्हय त्यो?" हा अव्वाचा आवाज. पंचेचाळीस वर्षांनी ऐकत होतो.

"मुनी हैत ते. त्यो काय म्हणतीस."

"मुनी तर मुनी. मागितली न्हाई तर द्यायची न्हाई?"

"पोथीत तसं न्हाई लिहिलं."

"मग ज्याला मागायची हुती आन् तोंडच उघडलं न्हाई, त्यानं काय करायचं?"

पान उलटल्याचा आवाज आला. "शेवटची ओळ मुळातच आखूड हाय बघ. चालीत बसत न्हाई. पानाची कड तुटलीया का मुनींनीच सोडलंय, कुणाला ठाऊक."

"परवा क्षमावणीला धनू आलता," अव्वा म्हणाली. "मी चुलीम्होरं. दाराशी येऊन हुबा ऱ्हायला. मला सावली दिसली की. म्हटलं, आता बोलंल. बोलला न्हाई. परत फिरला."

"त्या पत्राचं व्हय?"

"पत्राचंच. लई वाईट वाटत असंल त्याला. मी मनात म्हटलं, जा लेकरा, दिली. तुला वाटंतच भेटू दे. ह्ये घाला की तुमच्या पुस्तकात."

"मुळात न्हाई गं ते."

"मुळात माझा रहाट तरी कुठं हाय? मग रोज माझ्याम्होरं कशाला वाचताय?"

अण्णा हसले. फार कमी हसायचे ते. मग बराच वेळ नुसती फीत फिरत राहिली, आणि त्यांनी ती ओळ वाचली. आम्ही सगळे म्हणतो तीच, दाराशी येऊन परत फिरलेल्याची.

"व्हय. असंच," अव्वा म्हणाली.

"मग खाली तुझं नाव घालतो. मुनींच्या पदरात टाकायला नको."

"नगं. पक्की प्रत धनूच काढणार हाय न्हवं? नाव बघितलं की त्याला कळंल आन् जीवाला लावून घील. त्याचं त्याला कळू दे कवातरी."

आणि रहाट परत सुरू झाला.

तेजस्विनीनं टेप बंद केला. मी डबा पुढं ओढला. कॅसेटच्या खाली, तळाशी, चार घड्या घातलेला कागद होता. तो तिथं असेल असं मला वाटलं नव्हतं, पण उघडायच्या आधीच ओळखला. टेपवर विषय निघाला तेच ते पत्र.

अव्वा चाळिशीनंतर अक्षरं शिकली होती, अण्णांच्या टाकून दिलेल्या कच्च्या पानांवरून, कांड्या भरता भरता. नव्वदच्या श्रावणात तिनं मला वसतिगृहावर पत्र धाडलं. आयुष्यातलं तिचं पहिलं पत्र. म्हैस व्यालीय, चीक खायला ये, तुझी आठवण येते, एवढंच होतं त्यात, सहा ओळींत. मी मराठी घेऊन शिकत होतो आणि शुद्धतेचं नवीन वारं डोक्यात शिरलं होतं. मी त्या पत्रातल्या सतरा चुकांवर लाल खुणा केल्या, खाली 'लिहिण्याकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं आणि तेच पत्र तिला परत पाठवलं. मला वाटलं, मी तिला शिकवतोय. खोलीतल्या मुलांनी ते बघून हसून घेतलं, मीही हसलो. तिनं पुन्हा कधी कुणाला काही लिहिलं नाही. क्षमावणीला घरी आलो तेव्हा मला कळून चुकलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी गेलोही होतो. तिची पाठ माझ्याकडे होती. तोंडातून शब्द फुटला नाही, म्हटलं पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष आलं तेव्हा वाटलं, ती विसरली असेल. अठ्ठ्याण्णव साली ती गेली.

त्रेपन्न वर्षं मी दर क्षमावणीला बस्तीत उभा राहून ती ओळ मोठ्यानं म्हणत होतो, आणि ती माझ्यासाठीच लिहिलेली होती. मी रडलो. परक्या मुलीपुढं, दिवसाढवळ्या, बहात्तराव्या वर्षी. ती आत जाऊन पाणी घेऊन आली.

"यंत्राचं काम झालं, काका," ती म्हणाली. "ओळ कुणाची ते कळलं. पुढचं तुम्ही ठरवा."

"यंत्राच्या मते ती चूकच ना?"

"यंत्राला चूक-बरोबर काही कळत नाही. अंतर किती, एवढं ते सांगतं. हजार काल्पनिक भाषांतरकारांना ही ओळ सुचली नाही. त्यांच्यातल्या एकालाही मुलगा नव्हता."

*

सभेत मी काही भाषण केलं नाही. कॅसेट लावली. रायगोंडा खाली मान घालून ऐकत होते. शेवटच्या घरघरीनंतर मंडपात पाच माणसं बसली होती आणि पाचही जण जमिनीकडे बघत होते.

मीच म्हणालो, "ओळ मुनींची नाही. अण्णांचीही नाही. तेव्हा मी सही करतो. काढून टाका." मला मनापासून तसं वाटत होतं. ती घरातली गोष्ट होती, आई आणि मुलामधली. आठशे वर्षांच्या पोथीत तिला काय जागा? शिवाय आयुष्यभर दुसऱ्याच्या मजकुरातून पदरचं काढून टाकणं हाच माझा धंदा. आईचं आलं म्हणून नियम बदलला असता तर तीच मला हसली असती.

मी पेन उघडलं. रायगोंडांनी माझं मनगट धरलं.

"तुझी आई पाणी कसं गाळायची रं?"

"म्हणजे?"

"आमच्याच विहिरीवर यायची की. पाणी गाळून झाल्यावर फडकं काय करायची?"

"उलटं करून परत विहिरीत सोडायची."

"झटकायची?"

"नाही."

"का न्हाई?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

"ह्या बाईनं यंत्र आणलं, पाठ गाळला. लई ब्येस काम केलं. मुनींचं पाणी मुनींच्या हंड्यात गेलं, आमचं समाधान झालं," रायगोंडा म्हणाले. "पण फडक्यात ऱ्हायलंय त्यात जीव हाय. त्ये गटारीत टाकायला आपुन जैन कशाला म्हणवून घ्यायचं? हंड्यात मिसळायचं न्हाई. पर जिथनं आलं तिथं सोडायचं. नाव घालून."

"तिनं नाव नको म्हटलं होतं," मी म्हणालो.

"तुला कळू ने म्हणून म्हटलं हुतं. आता तुला कळलंय."

दुसरा एक विश्वस्त म्हणाला की दुसऱ्या गावातल्या लोकांनी फोन समोर धरला की ओळ लाल दिसणारच, लोक नावं ठेवतील. तेव्हा मात्र माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. मी म्हणालो, मग फोनवर कशाला, छापतानाच लाल छापू. मुनींचा पाठ जिथं संपतो तिथं पूर्णविराम द्यायचा. मग एक रिकामी ओळ. मग अव्वाची ओळ, लाल शाईत, आणि खाली लहान अक्षरात: अक्काताई नेमिनाथ बिरनाळे, कांड्या भरताना. चाळीस वर्षं मी लाल शाईनं लोकांच्या चुका दाखवल्या होत्या. त्या शाईचं एक तरी चांगलं काम माझ्या हातून व्हावं, असं मला फार वाटलं.

प्रूफं मी स्वतः तपासली. चूक एकही नव्हती. तरी तीनदा वाचली.

*

क्षमावणीला वाचायचा मान त्या वर्षी मला दिला. बस्ती भरली होती, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, हातात कोरी पुस्तकं. एक्केचाळीस कडवी नीट म्हटली. मुनींच्या पूर्णविरामाला थांबलो. मग त्या रिकाम्या ओळीच्या खाली लाल अक्षरं दिसली आणि माझा आवाज गेला. तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणीतरी सुरुवात केली आणि पुस्तकात न बघता सगळ्यांनी ती ओळ पुरी केली. रायगोंडांचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले.

मग लोक उठले आणि नेहमीप्रमाणे एकमेकांच्या घरी निघाले. मीही घरी निघालो. गल्लीत आता मागही नाहीत आणि रहाटही नाहीत, सगळीकडे काचेची दारं झालीत. घरात कुणी नव्हतं. चपला काढल्या आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. चुलीच्या जागी ओटा झाला आहे, पण दार तेच आहे. या वेळी परत फिरलो नाही.

"अव्वा," मी म्हणालो, "ते पत्र चांगलं होतं गं. माझं चुकलं. क्षमा कर."

क्षमा तर तिनं केव्हाच दिली होती, मी परत फिरलो तेव्हाच. पण मागायची राहिली होती.